नाणेघाटचा वारा आणि नत्राची वंशावळ

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८२८ सालीं नाणेघाटांत जाऊन पोहोंचला, तेव्हां त्यास नेमून दिलेलें काम शिलालेख शोधण्याचें नव्हतें. मुंबई सरकारनें त्याची नेमणूक दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठीं केली होती. जमिनीचा कस, पिकें, पशुपक्षी, वस्ती या सर्वांची मोजदाद करीत हा गृहस्थ मुलूखभर फिरला, आणि फिरतांना वायुभारमापकाचा पारा किती चढला व किती उतरला याची टिपणेंही लिहीत गेला. या टिपणांवरून दख्खनच्या हवेंतील भरतीओहोटीवर त्यानें लिहिलेला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८३५ सालीं छापला. दोनच वर्षांनीं, १८३७ सालीं, जुन्नरच्या लेण्यांतील लेखांविषयींचें त्याचें टिपण रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. आम्हां इतिहासाच्या शिक्षकांस दुसरें टिपण ठाऊक असतें. नागनिकेचा लेख, सातवाहनांचे यज्ञ, दक्षिणेचे आंकडे हें सर्व आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. पहिल्या निबंधाकडे मात्र आमचें लक्ष कधीं गेलें नाहीं. हवेस इतिहास असतो ही गोष्टच आमच्या मनांत आली नव्हती.

ती आली ती एका प्रश्नानें. चार वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या अखेरीस आम्ही विद्यार्थ्यांस घेऊन घाटघरावरून नाणेघाटास गेलों होतों. आदल्या सायंकाळीं वळवाचा मोठा पाऊस पडला होता. वाटेंत एका बांधावर बसलेल्या वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस हटकलें. “गुरुजी, इजा चमकून पाऊस झाला की खत न टाकता पिकाला काळोखी येते. वरून खत पडतं म्हणतात, ते खरं का?” आम्हीं शाळेंतल्या पुस्तकाच्या आधारें “हो, खरें आहे” असें उत्तर दिलें. त्यावर तो म्हणाला, “मग किती पडतं? आणि धाडतं कोण?” या दोन प्रश्नांचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. पुढील लेख हा त्या दोन प्रश्नांचा पाठपुरावा आहे. रसायनशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु मनुष्यानें हवेंतील सोरा पकडण्याचा उद्योग कसकसा केला ही हकीकत इतिहासाचीच आहे, आणि तिच्यांत चुकीच्या साक्षीवरून निवाडा दिल्याचे प्रसंग इतके आहेत कीं, कागदपत्रांच्या खरेखोटेपणावर आयुष्य घालविणाऱ्यास ती परकी वाटूं नये.

प्रारंभ हेन्री कॅव्हेंडिशपासून केला पाहिजे. १७८५ सालीं त्यानें बंद नळींतील हवेंत विजेच्या ठिणग्या पुष्कळ दिवस पाडल्या आणि निघालेला वायु क्षाराच्या द्रावणांत शोषून घेतला. द्रावण आटवितां जें हातीं लागलें, तो सोरा होता. जुन्या भिंतींवर फुलणारा, बिहारमधून जहाजें भरभरून युरोपास जाणारा, तोफांच्या दारूचा जो प्राण, तो सोरा निवळ हवेंतून वीज उत्पन्न करूं शकते हें त्या दिवशीं सिद्ध झालें. हवेंतील नत्र व प्राणवायु हे एरवीं शेजारीं शेजारीं राहूनही एकमेकांशीं बोलत नाहींत. विजेच्या प्रखर उष्णतेंत मात्र त्यांचा संयोग होतो, पुढें त्यापासून नत्राम्ल बनतें, आणि तें पावसाबरोबर खालीं येतें. याच प्रयोगांत कॅव्हेंडिशच्या नळींत एक चिमुकला बुडबुडा उरला. कांहीं केल्या तो सोऱ्यांत उतरेना. मूळच्या नत्राच्या सुमारें एकशेंविसाव्या हिश्श्याहून तो मोठा नाहीं, एवढी नोंद करून त्यानें तो प्रश्न सोडून दिला. वाचकांनीं हा बुडबुडा लक्षांत ठेवावा. कुकडीच्या कांठीं त्याची पुन्हां गांठ पडणार आहे.

पावसांत नत्राम्ल खरोखरच असतें काय, हें पाहण्याचें काम जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें केलें. १८२७ सालच्या त्याच्या निबंधांत पावसाच्या ७७ नमुन्यांची हकीकत आहे. पैकीं १७ नमुने मेघगर्जनेच्या पावसाचे होते, आणि नत्राम्ल सांपडलें तें प्रामुख्यानें त्यांत. येथपर्यंत सारें ठीक होतें. परंतु पुढें १८४० सालीं शेतीच्या रसायनावर ग्रंथ लिहितांना लीबिगनें असें मत मांडलें कीं, पिकास लागणारें नत्र हवाच पुरविते. पावसाबरोबर येणारा अमोनिया पुरेसा आहे, शेतकऱ्यानें फक्त जमिनींतील क्षारांची भरपाई करावी. या मताप्रमाणें त्याचें पेटंट खत इंग्लंडांत विक्रीसही निघालें, आणि फसलें. इंग्लंडांतील रोथॅमस्टेडचे लॉज आणि गिल्बर्ट यांस लीबिगचें म्हणणें मान्य नव्हतें. (लॉज यांचाही खताचा कारखाना होता, हें येथें सांगितलें पाहिजे, दोन्ही पक्षांकडे विकावयाचा माल होता.) वाद शब्दांनीं मिटेना, तेव्हां त्यांनीं १८५३ सालीं एका एकराच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या तोंडाचें मोठें पर्जन्यपात्र बांधलें आणि पावसाचें पाणी वर्षानुवर्षें तपासण्याची व्यवस्था केली. या तपासणीचा निर्णय असा झाला कीं, आकाशांतून एकरीं वर्षास सुमारें चार पौंड नत्र येतें. गव्हाच्या चांगल्या पिकास त्याच्या कितीतरी पट लागतें. लीबिगचा पक्ष पडला. कारखान्यांत नत्र बांधून खत करण्याचा जो प्रचंड व्यवसाय १९१३ पासून हाबर व बॉश यांच्या रीतीनें सुरू झाला, त्याच्या मुळाशीं या पाण्याच्या पात्रांतील आंकड्यांनीं दिलेला कौल होता.

हिंदुस्थानांत विजा अधिक, वादळें अधिक. मग येथील पावसांत खत अधिक असेल काय? ही शंका येथील सरकारी कृषिरसायनज्ञ जॉन वॉल्टर लेदर यास आली, आणि डेहराडून व कानपूर येथें पावसाचें पाणी धरून त्यानें हिंदी पाऊस व दंव यांच्या घटकांवरचा आपला अहवाल १९०६ सालीं प्रसिद्ध केला. उष्ण प्रदेशाच्या मेघगर्जनेविषयीं जी मोठी अपेक्षा होती, ती त्या आंकड्यांनीं पुरी केली नाहीं. येथेंही एकरीं थोडेच पौंड. तेव्हां घाटघरच्या वृद्धाच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, बाबा, वरून पडतें तें खरें, पण फार नाहीं. विजेच्या पावसानंतरची काळोखी नुसत्या विजेची नव्हे, ती तापलेल्या जमिनीस ओल मिळून तिच्यांतील जीवाणु जागे झाल्याचीही आहे.

दुसरा प्रश्न अवघड. धाडतें कोण? लेदरच्या काळीं धाडणारे थोडे होते: वीज, वणवे, जमीन स्वतः, आणि कांहीं गिरण्यांचीं धुराडीं. आज पृथ्वीवरील सर्व विजा मिळून वर्षास जें नत्र बांधतात, तें अजमासें ५० लाख टन धरतात. कारखान्यांत खतासाठीं बांधलें जाणारें नत्र दहा कोटी टनांच्या पुढें गेलें आहे, आणि मोटारी, विजेचीं औष्णिक केंद्रें व भट्ट्या यांच्या ज्वाळांत न मागतां बांधलें जातें तें निराळेंच. नाणेघाटाच्या पायथ्याशीं मुरबाड, त्यापुढें कल्याण, त्यापलीकडे मुंबई आणि समुद्र. घाटाच्या वर जुन्नरचें खोरें, कुकडी व मीना यांवरचीं धरणें, आणि त्यांच्या पाण्यावर पिकणारे टोमॅटो, कांदा व द्राक्षें, ज्यांस युरियाच्या गोणी मोकळ्या हातानें लागतात. युरिया टाकलेल्या ओल्या जमिनींतूनही नत्राचे वायु हवेंत चढतात. तेव्हां जुन्नरच्या पावसांतलें नत्रित हें मुंबईच्या मोटारीचें, का शेजारच्या टोमॅटोच्या वावराचें, का विजेचें? रोथॅमस्टेडच्या पात्रानें किती तें सांगितलें. कोणाचें तें सांगण्याची त्यास शक्ति नव्हती. नत्रिताच्या रेणूवर गांवाचें नांव लिहिलेलें नसतें असेंच सर्व रसायनज्ञ समजत होते.

तें लिहिलेलें असतें, मात्र फार बारीक अक्षरांत, हें विसाव्या शतकांत कळलें. १९१३ सालीं सॉडी यानें एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंस ‘आयसोटोप’, म्हणजे समस्थानिक, हें नांव दिलें. १९२९ च्या सुमारास नत्राचा १५ वजनाचा आणि प्राणवायूचे १७ व १८ वजनांचे समस्थानिक सांपडले. हे सर्व स्थिर आहेत. किरणोत्सर्ग करून ते नाहींसे होत नाहींत. हवेंतील नत्राच्या दर हजार अणूंत साडेतीन-चार अणु १५ वजनाचे, बाकीचे १४ चे. एका घरांतील थोरला व धाकटा भाऊ जसे एकच आडनांव लावतात पण जिना चढतांना थोरला किंचित मागें राहतो, तसा जड अणु रासायनिक क्रियांत किंचित निराळा वागतो. त्यामुळें प्रत्येक उगमाच्या नत्रांत थोरल्या-धाकट्यांचें प्रमाण थोडें बदलतें. हा बदल हवेंतील नत्र शून्य धरून दर हजारीं किती, असा मोजतात. विजेनें बांधलेलें नत्र शून्याच्या आसपास येतें. कोळशाच्या मोठ्या भट्टींतलें बहुधा शून्याच्या बरेंच वर. खत घातलेल्या जमिनींतून सुटलेलें शून्याच्या पुष्कळ खालीं, दर हजारीं वीस-तीस आणि क्वचित् त्याहूनही खालीं. मोटारींचें यांच्या मध्यें कोठेंतरी. पावसांतील नत्रित व अमोनिया यांचें असें प्रमाण प्रथम मोजून दाखविणाऱ्यांत अमेरिकेच्या अर्कान्सास संस्थानांतील होअरिंग हा होता. त्याचा निबंध १९५७ चा.

प्राणवायूची गोष्ट याहून चमत्कारिक. कोणतीही सामान्य क्रिया घेतली तर १७ वजनाच्या अणूचें प्रमाण १८ च्या प्रमाणाच्या जवळजवळ निम्म्यानें हलतें. वजनांतील फरकच तसा आहे. १९८३ सालीं थीमेन्स व हायडेनराइख यांनीं प्रयोगशाळेंत ओझोन तयार केला, तेव्हां हा नियम मोडलेला आढळला. ओझोनांत १७ वजनाचा अणु नियमाहून अधिक भरतो. आतां हवेंत नत्राम्ल बनतें तें बहुतांशीं ओझोनाच्या हातून. म्हणून हवेंत जन्मलेल्या प्रत्येक नत्रितावर हें जादा माप शिक्क्यासारखें उठतें, आणि तें दर हजारीं वीस-तीसाच्या घरांत असतें. जमिनींत जीवाणूंनीं केलेल्या नत्रितावर तो शिक्का नसतो. त्याचा प्राणवायु पाण्यांतून व साध्या हवेंतून आलेला. २००३ सालापासून मायकलस्की व थीमेन्स प्रभृतींनीं हा शिक्का नत्रितासाठीं वापरण्यास सुरुवात केली. विहिरीच्या पाण्यांत नत्रित वाढलें, तर तें आकाशाचें का खताचें, हें त्यावरून ठरवितां येतें. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यांत लीटरमागें ४५ मिलिग्रॅम नत्रित ही मर्यादा मानली आहे. त्याहून अधिक झाल्यास तान्ह्या मुलांच्या रक्तास तें बाधतें. तेव्हां हा नुसता पंडितांचा खेळ नव्हे.

परंतु शिक्का वाचावयाचा तर आधीं कागद न फाडतां हातीं आला पाहिजे, आणि खरी अडचण तेथें आहे. हवेंतील नत्रित तीन रूपांनीं वावरतें. एक नत्राम्लाचा वायु: हा इतका चिकट कीं, कांचेस, नळीस, धुळीस, जेथें लागेल तेथें बसतो. दुसरें अमोनियाशीं संयोग पावून झालेले अतिसूक्ष्म कण: हे थंडींत टिकतात आणि ऊन तापलें कीं पुन्हां वायु होऊन उडून जातात. तिसरें धुळीच्या चुन्यावर किंवा समुद्राच्या मिठावर बसलेलें जाड कणांतलें नत्रित, हें टिकाऊ. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें (ती १९६२ सालीं स्थापन झाली) पुणें, सिंहगड इत्यादि ठिकाणीं हवेच्या कणांची व पावसाच्या पाण्याची जी दीर्घ तपासणी केली, तींत खेमानी व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, आपल्याकडे मातींतील चुन्यामुळें पाऊस आम्ल होत नाहीं, आणि नत्रितही जाड कणांत पुष्कळ आढळतें. म्हणजे विलायतेंत सूक्ष्म कणांसाठीं केलेली योजना येथें जशीच्या तशी आणली तर अर्धा माल हातचा जाईल.

आतां नमुना धरावयाचा कसा? सर्वांत सोपी रीत म्हणजे पंपानें हवा ओढून गाळणकागदांतून नेणें. १९६०–७० च्या सुमारास अमेरिकेंत ठिकठिकाणीं कांचतंतूंचे मोठे गाळणकागद लावून कणांतील नत्रिताचे हजारों आंकडे गोळा झाले, आणि त्यांवर अनुमानें बांधण्यांत आलीं. पुढें असें उघडकीस आलें कीं, कांचतंतु किंचित क्षारधर्मी असल्यामुळें ते वाटेनें जाणारा नत्राम्लाचा वायुही धरून ठेवतात. जें कण म्हणून मोजलें, त्यांतील बराच भाग वायु होता. साक्षीदारानेंच आपल्या पदरचें घालून जबानी दिली! बखरींच्या बाबतींत हा प्रकार आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु कागदाच्या तावानें बखर लिहावी हें नवल. (जुन्नर हें एके काळीं कागदासाठीं प्रसिद्ध होतें, पेशवाईंतील दप्तरांत जुन्नरी कागद पुष्कळ आहे. सुती कागदही हा वायु थोडाफार धरतो, तेव्हां आमच्या कागद्यांचा माल या परीक्षेंत उतरला असता असें अभिमानानेंही म्हणवत नाहीं.)

म्हणून दोन कागदांची रीत निघाली. पुढें टेफ्लॉनचा कागद, तो फक्त कण अडवितो. मागें नायलॉनचा, तो नत्राम्ल धरतो. ही रीत स्वस्त व सुटसुटीत आहे आणि अजूनही वापरांत आहे. परंतु दुपारीं ऊन तापलें कीं पुढच्या कागदावरचे अमोनियाचे कण वितळून वायु होतात व मागच्या कागदावर जाऊन बसतात. एकूण बेरीज बरोबर येते, खातेवांटणी चुकते. नुसतें किती एवढेंच पाहणाऱ्यास हें एक वेळ चालेल. वंशावळ पाहणाऱ्यास नाहीं. कारण कणाचा कांहीं भाग उडून कांहीं राहिला, तर उडालेल्यांत व उरलेल्यांत थोरल्या-धाकट्यांचें प्रमाण सारखें राहात नाहीं. नमुना धरण्याच्या क्रियेनेंच पुरावा बदलला, आणि तो बदल युरियाचा व मोटारीचा फरक पुसून टाकण्याइतका असूं शकतो.

यावर उपाय निघाला तो मोठा चतुर आहे. नळीच्या आंतून धुण्याच्या सोड्याचा लेप द्यावा आणि तींतून हवा संथपणें न्यावी. वायूचे रेणु हलके, ते आडवेतिडवे भटकतात आणि नळी संपण्यापूर्वीं भिंतीस लागून सोड्यांत अडकतात. कण त्यांच्या मानानें अवजड. ते प्रवाहाबरोबर सरळ निघून जातात. अशा रीतीनें वायु आधीं काढून घेतला, मग कण कागदावर धरले, आणि त्या कागदामागें आणखी एक शोषक कागद ठेवला, म्हणजे कणांतून उडालेलेंही त्यांच्याच खात्यावर जमा होतें. रोमच्या संशोधकांनीं १९८३ सालीं एकांत एक दोन नळ्या घालून मधल्या फटींतून हवा नेण्याची सुधारणा केली, तेव्हांपासून थोड्या वेळांत पुष्कळ हवा तपासतां येऊं लागली. जाड कण वेगळे करावयाचे तर आरंभींच हवेस एक काटकोनी वळण देतात. जाड कणांस तें वळण घेतां येत नाहीं, ते समोरच्या तबकडीवर आदळून बसतात. आणि प्रत्येक खेपेस एक लेप दिलेली नळी व एक कोरा कागद, पंप न लावतां, सर्व संस्कार करून परत आणावयाचा. त्यावर जें नत्रित सांपडेल तें आपल्याच हातांचें व डब्यांचें, तें वजा करावयाचें. आपल्या स्वतःच्या मळाचा हिशेब आधीं मांडणारी ही पद्धत इतिहासलेखनांत रूढ असती तर किती वाद टळले असते!

पूर्वीं याही पुढें एक अडसर होता. समस्थानिक मोजण्याइतकें नत्रित एका दिवसाच्या हवेंतून मिळत नसे. २००१ सालीं प्रिन्स्टनच्या सिगमन व त्याच्या सहकाऱ्यांनीं तो दूर केला, तोही जीवाणूंच्या साह्यानें. नत्रिताचें रूपांतर करीत करीत जे जीवाणु एका विशिष्ट वायूपर्यंत येऊन थांबतात, कारण पुढचें पाऊल टाकण्याचें साधन त्यांच्यापाशीं नाहीं, असे जीवाणु निवडून त्यांस नमुना खाऊं घालावयाचा आणि निघालेला वायु यंत्रांत मोजावयाचा. लाखांश ग्रॅमाहूनही कमी नत्रितावर काम भागूं लागलें. दिवसाचा नमुना निराळा, रात्रीचा निराळा घेणें आतां शक्य झालें. आणि तें अवश्यही आहे, कारण रात्रीं नत्राम्ल बनण्याची वाट निराळी असून तींत ओझोनाचा वांटा मोठा असतो. तरी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नत्राचे वायु हवेंत असतांना आपसांत अणूंची देवघेव करतात, आणि त्यामुळें मूळ उगमाची खूण अंधुक होते. नत्राच्या आंकड्यावरून थेट ‘हें मुंबईचें’ असें बोट दाखविणाऱ्या निबंधावर आमचा विश्वास बसत नाहीं. प्राणवायूचा शिक्का, वाऱ्याची दिशा, बरोबर आलेलें मीठ व चुना, हे सर्व साक्षीदार एकत्र उभे केल्यावांचून निवाडा देऊं नये.

जुन्नरच्या मातींत या सावधगिरीचा एक जिवंत दाखला आहे, म्हणून थोडें कुकडीच्या कांठीं जाऊं. जुन्नर तालुक्यांतील बोरी गांवाजवळ नदीच्या दरडींत राखेचा एक थर आहे. ही राख चुलींतली नव्हे किंवा सह्याद्रीचीही नव्हे. ती सुमात्रा बेटांतील टोबा ज्वालामुखीची, हवेंतून समुद्रापलीकडून आलेली. डेक्कन कॉलेजचे राजगुरू, कोरीसेट्टर, शीला मिश्र इत्यादि संशोधकांनीं १९८० च्या दशकापासून तिचा अभ्यास केला, कारण त्याच गाळांत आदिमानवाचीं दगडी हत्यारें सांपडतात; राखेचें वय कळलें तर हत्यारांचा काळ ठरण्यास आधार मिळेल. वय कशावरून काढावें? तर कॅव्हेंडिशच्या त्या बुडबुड्यावरून! १८९४ सालीं रॅले व रॅमझे यांनीं तो वायु ओळखून त्यास आरगॉन असें नांव दिलें. पोटॅशियमचा एक प्रकार अत्यंत सावकाश, सुमारें १२५ कोटी वर्षांत निम्मा, या वेगानें झिजतो, आणि त्यापासून आरगॉन निघून खनिजांत अडकून राहतो. तो मोजला कीं वय निघतें. पहिल्या मोजणीनें बोरीच्या राखेस सुमारें १४ लाख वर्षें दिलीं. नंतरच्या सुधारलेल्या आरगॉन रीतीनें तीं सात लाखांच्या आंत आलीं. आणि कांचेच्या सूक्ष्म कणांचें रसायन तपासणाऱ्या वेस्टगेट, शेन इत्यादि परदेशी संशोधकांनीं, कोरीसेट्टरही त्यांत होते, १९९५ पासून असें मांडलें कीं ही टोबाच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारें ७५ हजार वर्षांपूर्वींची राख आहे. चौदा लाख आणि पाऊण लाख! एकाच दरडींतील एकाच थराचीं हीं वयें.

यंत्रें खोटीं नव्हतीं. नदीनें राखेबरोबर आणखी जुने कण वाहून आणले असतील आणि मूठभर नमुन्यांत ते शिरले असतील, तर त्यांचा जुना आरगॉनही वयांत जमा होतो. शिवाय वातावरणांतला आरगॉन सर्वत्र भरलेला, तो नेमका वजा करावा लागतो. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, राखेसंगतीं सांपडणारीं हत्यारें इतक्या अलीकडचीं असणें शक्य नाहीं, आणि २०११ पर्यंत ही बाजू आग्रहानें मांडली गेली आहे. आमचा कल कांचेच्या साक्षीकडे आहे, तरी सर्वांच्या समाधानानें हा वाद मिटला असें आम्ही म्हणत नाहीं. हातकुऱ्हाड घडविणारा मनुष्य कुकडीच्या कांठीं केव्हां बसला होता, हा प्रश्न शेवटीं दरडींतून उचललेल्या त्या मुठींत कोणकोणते कण होते यावर येऊन ठेपतो. नाणेघाटाच्या हवेचा प्रश्नही असाच कागदावर काय बसलें व काय उडालें यावर ठेपतो.

राख आणि नत्रित यांची प्रत्यक्ष गांठही अलीकडे पडली आहे. महास्फोटाच्या धुरळ्यांत विजांचें थैमान चालतें. त्या विजा नत्र बांधीत असल्या पाहिजेत. फ्रान्समधील आरोस्के व सहकारी यांनीं २०२४ सालीं तुर्कस्थान व पेरू येथील जुन्या ज्वालामुखी थरांत नत्रित दाखविलें, आणि त्याच्या प्राणवायूवर ओझोनाचा तोच शिक्का सांपडला. लक्षावधि वर्षांपूर्वींच्या विजेचा सोरा! कॅव्हेंडिशच्या नळींतला प्रयोग पृथ्वीनें मोठ्या मापावर करून ठेवला होता. बोरीच्या राखेंत मात्र असें कांहीं हातीं लागण्याची आशा धरूं नये. तुर्कस्थान व पेरूचे ते भाग कोरडे. येथें हजारों पावसाळे त्या दरडीवरून गेले, आणि नत्रितासारखा विरघळणारा पदार्थ दुसरा क्वचितच असेल.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां घाटघरास गेलों. म्हातारा भेटला. आम्हीं त्यास एकरीं चार पौंडांचा हिशेब सांगितला, तो त्यास फार थोडा वाटला. धाडतें कोण, हें सांगण्यास मात्र घाटमाथ्यावर सोड्याच्या नळ्या लावून वर्षभर बसावें लागेल असें म्हटलें: पौषांतल्या थंडींत अमोनियाचे कण धरावयाचे, चैत्र-वैशाखांत धुळीचे, आणि पावसाळा लागला कीं कोंकणांतून वर चढणाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे, दिवसाचे व रात्रीचे निरनिराळे. त्यानें नळी केवढी, पंपास वीज किती लागते, हें विचारून घेतलें. नंतर तो आमच्याबरोबर घाटाच्या तोंडापर्यंत आला आणि जकातीचा म्हणून दाखवितात त्या दगडी रांजणापाशीं थांबला. “हिथं लावा. कोकणातला वारा पहिला याच्या अंगावर येतो,” तो म्हणाला. “पण आषाढात काढून न्या. त्या महिन्यात हिथं माणूस उभा ऱ्हात नाही, तुमची नळी कुठली ऱ्हाती!”